न कातरलेली मेंढरं

"यंदा माझ्या मेंढरास्नी कातर लावायची न्हाई, काका," रत्नव्वा म्हणाली.

कातरीला धार लावणारा सयाजीकाकांचा हात दगडावरच थांबला. बिद्री गावाच्या अलीकडं, नांगरून टाकलेल्या रानात काकांचा आणि तिचा, असे भावकीतले दोन तळ शेजारी शेजारी पडले होते. वैशाखात धनगरांनी सावडीनं एकमेकांची मेंढरं कातरायची, ही पिढ्यांची रीत.

"डोकं फिरलंय व्हय? उन्हानं मरतील की."

"गेल्या साली कातरली आन् लगीच पाऊस लागला."

"वळीव हुता त्यो."

"वळीव आठ-आठ दिस पडतोय व्हय?"

काका हसले. "मग काढ उकडून लोकरीत. पर सावड मोडलीस, तर पुढं तुझ्याकडं कोण यायचं न्हाई. एकटी कातरत बस."

"बसते की."

गेल्या वैशाखात उघड्या अंगाची मेंढरं काकडून एकेक आडवी झाली होती. तिच्या बानं, भीमाप्पानं, आपलं घोंगडं कोकरांवर टाकलं आणि स्वतः भिजत राहिला. त्याची छाती भरली. तो त्यातून उठला नाही. नंतर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मेंढरांसाठी गायरानात छप्पर मागून पाहिलं. आज इथं, उद्या तिथं असणाऱ्यांना छप्पर कशाला, असं पंचायतीत कुणीतरी म्हणालं, आणि विषय संपला.

काकांची मेंढरं कातरून हलकी झाली. रत्नव्वाची धापा टाकत बांधाच्या सावलीला माना घालून उभी राहायची. संध्याकाळी काकांच्या तळावरून जेवायला येणारी हाक बंद झाली. मेंढरांशी बोलता बोलता ती मध्येच थांबे. बा होता तेव्हा ती मेंढरांना काही म्हणाली, की उत्तर तोच द्यायचा.

एका दुपारी उत्तरेकडून आभाळ खाली उतरलं. पाऊस लागला तो दिवस कलला तरी थांबेना. काळ्या रानात पाय रुतलेली काकांची मेंढरं कुडकुडत होती. काका तिच्या वाघरीपाशी, मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, येऊन उभे राहिले.

रत्नव्वानं जाळीची मेख उपटली.

"आत घाला."

"तुझी चेंगरतील, पोरी."

"चेंगरू देत. मधी घाला, कडंला नको."

उघडी मेंढरं लोकरीच्या मेंढरांत घुसली, अंगाला अंग लावून दाटली. काका कोकरं आणायला मागं वळले. आत माणसाला जागा उरली नव्हती. रत्नव्वा बाहेरच, वाघरीला पाठ टेकून उभी राहिली. तोंडावर पाऊस येत होता. जाळीतून पाठीला ऊब लागत होती.