शिडीवाले

“शिडी धरायला लागतं काय? दोन हात. तोंड कशाला लागतं म्हणतो मी!”

पेंटर स्टुलावर बसून पुटपुटले. डबा घेऊन आलेल्या बायकोलाच ते ऐकू गेलं. वर शिडीवर त्यांची लेक चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होती, आणि खाली शेजारच्या मास्तरांचा भाचा शिडी धरून तिच्याशी अखंड बोलत होता.

पेंटरांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. परीक्षा संपली तशी लेकीनं ब्रश हातात घेतला. भाचा सुट्टीला मामाकडे आलेला, रिकामटेकडा. पहिल्याच दिवशी “अहो, तुम्ही पडाल!” म्हणत शिडीला जो चिकटला तो चिकटलाच. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते आईनं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

घरात सगळेच त्या विषयाला वळसा घालून जायचे.

“शिडीवाले आहेत का आज जेवायला?” बाबा विचारायचे.

“चार घास जास्तच टाकलेत,” आई म्हणायची. लेक ताटात बघायची. झालं.

आईला मात्र पोरीच्या अक्षराचा कोण अभिमान! बाजारात जाताना मुद्दाम लांबचा रस्ता धरून ती त्या चपलांच्या दुकानासमोर थांबायची. दुकानदार म्हणायचा, “या ना ताई, आत या, नवीन माल आलाय.” ही म्हणायची, “चपला आहेत हो मला. लेकीचं काम बघतेय.” आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सावकाश वाचायची.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाटी झाली. ‘दातांचा दवाखाना’ लिहायचं, तर लेकीनं लिहिलं ‘दादांचा दवाखाना’. हातभर उंचीची अक्षरं, एकेक मोत्यासारखं.

“अहो, गावातले सगळे दादा येतील मला दात दाखवायला!” डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

पेंटर म्हणजे एक मात्रा तिरकी गेली म्हणून एके काळी जेवण टाकणारा माणूस. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, “ऊन फार झालंय हल्ली.”

“हो ना,” ती म्हणाली, “डोकंच चालत नाही.”

तेव्हा संध्याकाळ झाली होती.

सुट्टी सरत आली तशी आईच्या जिवाला घोर लागला. पोर भिंतभर अक्षरं काढते, पण स्वतःचं काही सांगायची वेळ आली की गिळून टाकते. हे गिळलं तर घशात अडकून राहायचं. आपण बोलावं, तर तिच्या तोंडचा शब्द हिसकावल्यासारखं.

निघायच्या सकाळी मास्तर आणि मामी भाच्याला घेऊन निरोपाला आले. बसच्या वेळेवर बोलून झालं, खिडकीजवळच्या जागेवर झालं, पाण्याच्या बाटलीवर झालं. हवेवर तर सगळेच दोनदोनदा बोलले. लेक दाराला टेकून नखातला रंग खरवडत होती.

भाचा उठला. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर तिच्यासमोर आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “येतो मग. तुम्ही... तुम्ही जपून चढत जा.”

खरवडणं थांबलं.

“तुम्ही?” लेक म्हणाली. “सगळा उन्हाळा मी ‘तू’ होते, आणि आज मोठी माणसं बसलीत म्हणून ‘तुम्ही’ झाले?”

मामी बाटलीचं झाकण उगीचच पुन्हा घट्ट करू लागल्या. बाबांनी हवेबद्दल काहीतरी काढायला तोंड उघडलं. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. पोरीची मान खाली गेली नव्हती. आईचा ऊर भरून आला. भर बाजारात, एवढ्या उंच पाट्यांखाली उभी राहूनही तिला असं कधी वाटलं नव्हतं.

“तू जा, शीक, मोठा हो. मी काही तुझा रस्ता अडवत नाही. मलाही इथे ढीगभर कामं पडलीत,” लेक म्हणाली. “पण इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते. मला तू आवडतोस.”