न धुतलेला अर्धा

खरं सांगा, कापडाचा रंग पक्का आहे हे तुम्ही कुणाच्या शब्दावर मानता? विकणाऱ्याच्या? मग कठीण आहे बुवा तुमचं!

मी निळ्या सुती कापडाचा एक तुकडा बोलतोय. नवा माल आला की आमचे शेठ त्याचा नमुना कापून मधोमध फाडतात. एक अर्धा साबणाच्या गरम पाण्यात धुवायचा, दुसरा तसाच खणात ठेवायचा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. मी तो न धुतलेला अर्धा. माझ्या जुळ्या भावाने पहिल्याच धुण्यात रंग सोडला.

"शेठ, पक्क्या रंगाचा छापील कागद आहे की सोबत!" माल आणणारा दलाल गयावया करू लागला.

"मग लोकांना कागदाचेच सदरे शिवू का?" शेठ म्हणाले आणि गठ्ठे आल्या पावली परत गेले.

तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आता ते आठवलं की नुसती चिडचिड होते.

शेठना मधुमेह जुना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपतायत. दुखत नाही म्हणून थांबू नका, इंजेक्शन घ्यावं लागेल." डोळ्यात सुई म्हटल्यावर शेठचं धाबं दणाणलं. तेवढ्यात मेव्हणा एक डबा घेऊन हजर.

"भाऊजी, झाडपाल्याचं सत्त्व आहे. फ्लेव्होनॉइड म्हणतात. डोळ्यातल्या शिरा अशा घट्ट होतात की बघत राहाल!"

आणि ज्या माणसाने छापील कागदावर कधी वीतभर चिंधी घेतली नाही, त्याने डब्यावरची सोनेरी अक्षरं वाचून कॅप्सूल गिळली! मला कपाळ असतं तर खणातच बडवून घेतलं असतं.

काही दिवसांनी म्हणतात कसे, "फरक आहे हं. स्वच्छ दिसतंय."

शेठाणी गिऱ्हाइकाचं कापड मोजत होत्या. "दुकानात नवे दिवे लावले, गोड सुटलं, साखरेचं औषध बदललं. आणि श्रेय माझ्या भावाच्या डब्याला? तुमचा न धुतलेला अर्धा कुठाय?"

"म्हणजे?"

"दोन्ही डोळे एकाच पाण्यात धुतलेत तुम्ही. आता शेजारी काय ठेवून बघणार?"

शेठ खाकरले आणि कापडाच्या घड्या घालू लागले.

शेठाणींनी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रयोग बरेचसे उंदरांवरचे. माणसांवरचे थोडे, लहान आणि थोड्या काळाचे. काहींत बरं दिसलं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. खोटं आहे असं म्हणत नाही मी. सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यापायी उपचार लांबवू नका."

"बघ, खोटं नाही म्हणाल्या ना!" शेठनी इंजेक्शनची तारीख पुढे ढकलली. हेच बोलणं दलालाने केलं असतं, तर त्याला उंबरा चढू दिला नसता!

मग एक दिवस तोच दलाल निळा माल घेऊन परत आला. "या खेपेला रंग पक्का आहे, शेठ."

शेठनी त्याला जुनी फजिती दाखवायला आम्हा दोघा भावांना बाहेर काढलं. फळीवर शेजारी ठेवलं. मग दारापाशी उजेडात नेलं. डोळ्यांशी धरलं.

"अरे, यात फरक कुठाय? रंग तर धरलाय की."

दलालाला हो म्हणून माल खपवता आला असता. त्याने मान खाली घातली. "शेठ, याच तुकड्यांवरून तुम्ही मला हाकललं होतं."

शेठाणींची कात्री हातातच थांबली. शेठ मला बोटांनी चाचपत राहिले, जणू निळा रंग हाताला लागणार होता.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव," ते म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही, असं त्यांना कळलंय. मालाचे रंग आता शेठाणी ठरवतात. मी शेठच्या खिशात असतो. अधूनमधून ते मला बाहेर काढून उजेडात धरतात आणि परत ठेवतात.

कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या. माझं तिच्याशी वैर नाही. पण बाबांनो, हिशेब प्रामाणिक ठेवा. गुण कशाने आला ते कळलं नसेल, तर 'कळलं नाही' असंच मांडा. आणि माझ्यासारखा न धुतलेला अर्धा खणात असेल, तर डोळे शाबूत आहेत तोवर त्याला बाहेर काढा.