सैंधव चालतं

मी व्रतं करते. हे मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. विषय निघाला तर सांगते, आणि विषय निघेल एवढी व्यवस्था करते. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. माझा आवाज मुळातच लहान. भजनी मंडळात कुणी फरसाणाची ताटली पुढे केली की मी "नको, आज माझा…" एवढंच म्हणते, तेही इतक्या हळू की सगळ्यांना टाळ थांबवून ऐकावं लागतं. हळू बोलण्याचा हा एक फायदा आहे.

अशा माझ्या घरात माझ्याहून कडक व्रत करणारं माणूस येईल असं वाटलं नव्हतं. आलं ते माझ्याच पोटचं.

वल्लरी, आमची एकुलती एक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात एका म्हाताऱ्या बाईंकडे वनस्पतींची विद्या शिकायला गेली होती. तिकडे आयावास्का नावाचा वेलीचा काढा असतो. तो घेऊन माणसं अंधारात बसतात, ओकतात, रडतात, आणि त्या बाई शेजारी बसून गाणी म्हणतात, त्यानं बरं वाटतं म्हणे. मी मंडळात "आयुर्वेदासारखं काहीतरी" असं सांगून ठेवलं होतं. व्हिसा संपला तशी भाद्रपदात ती घरी आली. हाडं निघालेली, पण चेहऱ्यावर एक शांतपणा. तो मला आवडला नाही. आमच्या घरात शांतपणा माझ्याकडे असतो.

"काढा आणलास की काय?" यांनी पहिला प्रश्न विचारला. हे म्हणजे आमचे गंगाधरराव. बँकेतून निवृत्त, मूळचे चांदवडच्या कांद्याच्या मुलखातले, आणि चातुर्मासात माझ्यामुळे कांद्यावाचून तळमळणारे.

"नाही हो बाबा. तो इथे कायद्यात बसत नाही. आणि काढा म्हणजे सगळं नाही. शिकायचं असतं ते पथ्यात."

मग तिनं पथ्य समजावून सांगितलं. एकच वनस्पती घ्यायची. रोज तिचं पाणी प्यायचं, एकांतात राहायचं, कमी बोलायचं, कुणाला शिवायचं नाही. मीठ, तेल, तिखट, गोड, सगळं बंद. उकडलेली कच्ची केळी आणि कोरडा भात. असं नीट राहिलं तर वनस्पती स्वप्नात येते आणि आपलं गाणं देते. त्या बाईंनी, म्हणजे तिच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं, अजून एक पथ्य पूर्ण कर, गाणं घेऊन ये, मग तुला माझ्या शेजारी बसवीन.

"आणि नाही झालं पूर्ण तर?" मी विचारलं.

"तर नाही बसवणार. पथ्य मोडून खोटं बोलणाऱ्याला तर परत दारातही घेत नाहीत."

मला तिनं जायला नको होतं. हे मी हळू आवाजातसुद्धा बोलले नाही. पण देवापुढे दिवा लावताना रोज मनात एकच मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी ती फाटकापाशी उभी राहून किंचाळायचीच बाकी होती. आमच्या गंगापूर रोडच्या घराच्या फाटकावर जांभळ्या फुलांची वेल आहे. तिनं एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं.

"वास घे."

लसूण. उग्र, फोडणीतला लसूण.

"आई, हीच ती. हिचंच पथ्य सांगितलंय मला. आपल्या फाटकावर लसूणवेल आहे आणि मी जगभर शोधत बसले." तिनं लगेच फोनवर मास्तरीणबाईंना पान, खोड, फूल दाखवलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

मी हसले नाही. कारण त्या वेलीची फुलं मी कित्येक चातुर्मास रोज देवाला वाहत होते. ज्या देवासाठी स्वयंपाकघरात लसणाची पाकळी येऊ देत नव्हते त्याच्या डोक्यावर लसूण ठेवत होते. यांना हे कळल्यावर दोन दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. "फुलाला वास नसतो, पानाला असतो," असं मी शेवटी ठरवलं. शास्त्रात त्याला आधार शोधला नाही. सापडला नसता तर काय, ही भीती.

वल्लरीनं गच्चीवरच्या खोलीत मुक्काम हलवला. रांधायचं काम माझ्याकडे आलं. आणि पहिल्याच दिवशी मी, जिला कुणी विचारलं नव्हतं, म्हटलं, "मीही करते तुझ्याबरोबर. अळणी राहण्याची मला सवय आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, हे उपासासारखं नसतं. उपासाला तू साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस खातेस. वर तूप."

"ते फराळाचं असतं," मी म्हटलं.

तर मी केलं. एका पातेल्यात दोघींचा भात, दुसऱ्यात केळी. तिचं ताट झाकून जिन्यावर ठेवायचं, रिकामं झालं की उचलायचं. ती ताट इतकं स्वच्छ करायची की मला भरून यायचं. मंडळात मी सांगून टाकलं की लेकीबरोबर मीही मीठ सोडलंय. तेव्हा पेटीसुद्धा थांबली.

मला स्वतःला काही जड जात नव्हतं, याचं मात्र नवल वाटे. कोरडा भात, पण चव होती. याला म्हणतात वर्षानुवर्षांचं तप, असं मी स्वतःशी म्हणायची. एकच त्रास, गच्चीवर कावळे फार झाले होते. "पितृपक्षात शोधून सापडत नाहीत," हे म्हणाले, "आणि आता बघ, तुझ्या तपाला जमलेत."

एकदा दुपारी यांना भूक लागली. माझ्या ताटातला भाताचा घास त्यांनी सहज तोंडात टाकला आणि चावायचे थांबले.

"अगं, यात मीठ आहे."

"काहीतरीच. मिठाच्या बरणीला मी हातही लावला नाही."

"मग खारट कशानं?"

"सैंधव आहे थोडं."

"आणि सैंधव म्हणजे काय, साखर?"

"अहो, सैंधव उपासाला चालतं," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा, इतक्या जणींना, इतक्या शांतपणे सांगितलंय की ते म्हणताना ऐकूही येत नाही. या वेळी ऐकू आलं.

माझ्या स्वयंपाकघरात मीठ नाही म्हणजे सैंधव. हात आपोआप त्या डबीकडे जातो. पहिल्या दिवसापासून पातेल्यात ते पडत होतं, माझ्या भातात आणि तिच्याही. तिचं पथ्य सुरू झालं त्याच दिवशी मोडलं होतं, तिला न कळता, आणि मोडणारी मी.

"सांग तिला," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, माझ्याच आवाजात म्हणाले, "बघ बाई. म्हणजे जाणं रद्दच की."

तोच तर घोळ होता. मी सांगितलं की पथ्य मोडलं, पथ्य मोडलं की मास्तरीणबाई घेणार नाहीत, वल्लरी घरी राहणार. रोज दिव्यापाशी मागत होते ते देवानं अगदी माझ्याच हातानं, माझ्याच डबीतून दिलं होतं. खरं बोलण्याचा मला जन्मात पहिल्यांदाच फायदा होणार होता, आणि म्हणूनच ते कुणी खरं मानणार नव्हतं. आईनं मुद्दाम केलं, असंच ती म्हणणार. मी असते तरी म्हटलं असतं. आणि न सांगावं, तर पोर मोडलेलं व्रत पूर्ण समजून जाणार आणि तिच्या गुरूपुढे खोटी पडणार.

सोमवारी कपालेश्वराच्या देवळात गेले. बराच वेळ हात जोडून उभी राहिले. देवानं काही सांगितलं नाही. मागच्या बाईनं सांगितलं, "आजी, पुढे चला."

घरी आले ती सरळ गच्चीवर. दार लोटलेलं होतं. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. मी दाराबाहेरच बसले, उंबऱ्याशी, म्हणजे शिवाशिव नको.

"वल्लू, बोलायचं आहे."

"बोल."

"भातात मीठ होतं. सैंधव. पहिल्या दिवसापासून. मला ते मीठ वाटलंच नाही ग. तू राहावीस असं मला वाटत होतं, रोज वाटत होतं, तेही खरं आहे. पण त्यासाठी नाही घातलं. तू विश्वास ठेवू नकोस, ठेवण्यासारखं नाहीच ते. पण त्या बाईंना सांग, चूक माझी म्हणून."

गुणगुणणं थांबलं. दार उघडलं. माझी लेक पहिल्यापेक्षा वाळली होती, हे मला तेव्हा दिसलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आई, सहा महिने मीठ नव्हतं जिभेला. पहिला घास ओठाला लागताच कळलं, तसाच खाली ठेवला मी. तेव्हापासून नुसती केळी खातेय."

"आणि भात?"

तिनं कठड्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन कावळे माझ्याकडे अपेक्षेनं बघत होते.

माझं तप कावळे खात होते आणि माझी पोर अर्धपोटी होती. "मग बोलली का नाहीस?"

"पथ्यात भांडायचं नसतं." ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून खाली बसली. "मला वाटलं, तू मुद्दाम घालतेस. खूप राग आला होता. म्हटलं, वेल राग घालवत असेल तर घालवू दे. आज गेला."

"मी सांगितलं म्हणून?"

"नाही. तू सैंधवाला मीठ समजत नाहीस हे मला आठवलं म्हणून. एवढं खोटं तुला सुचणारच नाही."

हा आपला गौरव की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग पथ्य मोडलं नाही?"

"नाही."

"म्हणजे तू जाणार."

"दिवाळी करून जाईन."

मग मी विचारलं, "गाणं आलं का?"

तिनं म्हणून दाखवलं. शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. पण चाल मला कुठेतरी भेटल्यासारखी वाटली. मी तसं म्हटल्यावर ती हसली. "तुझ्या आरतीसारखी चढते ना? वेल तुझ्या फाटकावर वाढलीय आई. रोज संध्याकाळी दुसरं काय ऐकणार ती?"

त्यापुढचे दिवस मी भात तिच्या डोळ्यांदेखत, गच्चीवर शेगडी नेऊन शिजवला. सैंधवाची डबी यांच्या कपाटात ठेवायला दिली. माझाही भात खरोखर अळणी झाला, आणि तिसऱ्या घासाला मला माझ्या तपाचं वजन कळलं. मंडळात त्याबद्दल काही बोलले नाही. तिथे माझं मीठ आधीच सुटलेलं होतं.

पथ्य सोडायचं तेही एक उद्यापनच. मास्तरीणबाईंच्या घरची रीत अशी की ज्यानं रांधलं त्यानं आपल्या हातानं शिष्याच्या जिभेवर मीठ, लिंबू, मिरची आणि कच्चा कांदा ठेवायचा.

"कांदा?" मी म्हटलं. "अजून चातुर्मास आहे."

"बाबा ठेवतील मग."

हे पिशवी घेऊन निघालेसुद्धा होते. चांदवडहून चुलतभावानं दिलेले कांदे शेजारच्या घरी लपवून ठेवलेत, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या हातातून एक घेतला. "रांधलं मी आहे," मी म्हटलं.

सकाळी देवाची पूजा आटोपून कांदा चिरला. देवघराचं दार लोटून घेतलं होतं. लसणाची फुलं खपवून घेणारा देव याकडेही दुर्लक्ष करील, असा अंदाज होता.

वल्लरी पाटावर बसली. मी लिंबू दिलं, मिरचीचा तुकडा दिला, कांद्याची पाकळी दिली. हे दारात उभे राहून प्रत्येक घासाबरोबर स्वतः तोंड हलवत होते. मग मी दोन डब्या पुढे केल्या. "यातलं कोणतं?"

"तुला जे मीठ वाटत नाही ते," ती म्हणाली.

मी सैंधवाची चिमूट तिच्या जिभेवर ठेवली. इतक्या दिवसांनी तिला माझं बोट लागलं. तिनं डोळे मिटले, मग तोंड वेडंवाकडं केलं.

"खारट आहे."

"हो," मी म्हटलं. "मीठच आहे ते."