पाटा वाजतोय

तुम्ही मला बघितलं तर पत्र्याची पेटी म्हणाल, मित्रांनो. जुनी आहेच मी, पण पेटी नाही, घरगाडी आहे. इथं अमेरिकेत मोटरहोम म्हणतात. पोटात चूल, बिछाने, संडास, सगळं. त्र्याहत्तर साली कारखान्यातून निघाले तेव्हा लोक वळून वळून बघायचे. मग मालक बदलत गेले आणि मी कुणाच्यातरी परड्यात गवतात उभी राहिले. मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्या मिठानं माझं खालचं लोखंड खाल्लं. वरून मात्र मी गोरीगोमटी.

श्याऐंशी साली तिथल्याच नोव्हाय गावच्या नरेंद्रनं मला घरी आणलं. मोटारींच्या कंपनीतला इंजिनियर तो. बायको शैला, मुलगी सुमेधा. पहिल्याच फेरीत मी त्यांची हाडं खिळखिळी केली. शैलाची कंबर धरली ती सुटेचना.

"या खटाऱ्यात मी परत पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "बैलगाडी बरी."

नरेंद्रला ते लागलं. सुट्टी आली की तो माझ्याखाली शिरायचा. नवे शॉक ॲब्सॉर्बर घातले, मागं हवेच्या पिशव्या बसवल्या. स्प्रिंगच्या जुन्या पट्ट्यांवर, गंज न खरवडताच, काळा रंग फासला. मग मी अशी चालायला लागले, की कपातला चहा हलत नव्हता. शैला हसली, पुन्हा बसायला लागली.

पण माझं दुखणं गेलं नव्हतं, मित्रांनो. कण्हणं तेवढं बंद झालं होतं. मागं डाव्या अंगाला बारीकसं 'टक' राहिलं होतं, सुमेधाच्या बिछान्याच्या बरोबर खाली.

उन्हाळ्यात उत्तरेला मॅकिनॉच्या पुलापलीकडं जायचं ठरलं. निघताना शेजारचा प्रल्हाद निरोप द्यायला आला. कराडला ट्रकच्या गॅरेजशेजारी वाढलेला गडी. मी हलले आणि त्यानं कान टवकारले.

"नऱ्या, पाटा वाजतोय रे तुझा. बघून घे."

गॅरेजात स्प्रिंगच्या पट्टीला पाटा म्हणतात. नरेंद्र ते सगळं इंग्रजीत शिकलेला. त्याला पाटा माहीत होता तो एकच, चटणी वाटायचा. शैलानं सोलापूरहून साड्यांत गुंडाळून विमानातनं आणलेला. तोही त्याच बिछान्याखाली होता.

"हो हो, गुंडाळतो," नरेंद्र म्हणाला. आणि दगडाला गोधडी पांघरली.

वाटभर मी बोलत राहिले. टक. खड्डा आला की टक.

"डॅडी, इट्स स्टिल डूइंग इट," मागनं सुमेधा म्हणाली.

"दगड आहे बेटा, वाजणारच."

"माझ्या पाट्याला नावं ठेवू नका," शैला म्हणाली. "चटणी मिटक्या मारत खाता तेव्हा?"

पुलाच्या अलीकडं तळ्याकाठी ते जेवायला थांबले. शैलानं पाटा काढला, खोबऱ्याची चटणी वाटली. धुतलेला पाटा ओला म्हणून पुढं स्वतःच्या पायाशी ठेवला. आम्ही निघालो. समोर पूल दिसायला लागला. वारा मला बाजूला ढकलत होता. पुलाखाली पाणी शिशासारखं.

टक.

शैलानं पायाशी बघितलं. मग मागं बघितलं.

"अहो, पाटा इथंय. मग मागं काय वाजतंय?"

नरेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. प्रल्हादचं बोलणं त्याला आत्ता ऐकू आलं. पूल सुरू व्हायच्या आतच त्यानं मला कडेला घेतलं, खाली शिरला, पेचकसानं रंग खरवडला. मुख्य पट्टी जवळजवळ आरपार चिरली होती. नखाएवढं लोखंड धरून होतं. तो बाहेर येऊन खडीवर तसाच बसून राहिला.

"आर वी गोइंग?" सुमेधानं खिडकीतनं विचारलं.

पूल त्या दिवशी राहिला. डावीकडं नवी पट्टी आली. नरेंद्र आता निवांत गाडी चालवतो.

मित्रांनो, कुरकुरणाऱ्याला गादी देऊन गप्प करू नका. आधी खाली वाकून बघा, कुठं दुखतंय ते. उजवीकडची पट्टी माझ्याच वयाची आहे, त्याच मिठात भिजलेली, त्याच काळ्या रंगाखाली. ती अजून वाजत नाही, म्हणून तिच्याकडं कुणी बघितलेलं नाही.