मामाची खुर्ची

१९७८ साल. त्या हिवाळ्यात तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेंगगोंग बंदरात तलवारमासा इतका आला होता की मेजवानीतही तोच आणि आजाऱ्याच्या पेजेबरोबरही तोच. त्याच हिवाळ्यात बीझूमावशीने मेइएनचं लग्न जमवलं आणि स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला.

मेइएनची आई लीहुआ पोटुशी असताना एकटीच या बंदरात उतरली होती. कुठल्या गावची, कोणाची, ते शेवटपर्यंत बोलली नाही. इथल्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आणि मुलगी सहा वर्षांची असताना ती वारली. पोर मग आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी जेवत मोठी झाली. झोपायला मात्र चर्चमध्ये रविवारचा स्वयंपाक करणाऱ्या बीझूमावशीकडे.

नवरा मुलगा झिहोंग गुणी होता. त्याची आई लिनबाई सुक्या मासळीच्या दुकानाची मालकीण, देवळात नेमाने अगरबत्ती लावणारी. तिची एकच अट होती.

"साखरपुड्याच्या जेवणात मामाच्या खुर्चीवर मुलीचा मामा बसलाच पाहिजे. त्याच्याआधी कोणी सुपाला हात लावत नाही. खुर्ची रिकामी राहिली, तर उद्या सगळं बंदर म्हणेल, लिनबाईने सून आणली ती कोणी मागे नसलेली. तसं झालं तर मी उठून जाईन, बीझूताई. लग्न विसरा मग."

"बसेल हो. आमच्याकडे भावांना काय तोटा!" बीझूमावशी म्हणाली. चर्चमध्ये सगळेच बंधू-भगिनी. लीहुआला तर प्रत्येकाने बहीण म्हटलेलं.

रविवारी उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनात ती उभी राहिली. "लीहुआचा भाऊ म्हणून मामाच्या खुर्चीवर कोण बसतंय?"

एकाने मान वर करावी! म्हातारा कुओ, चीनमधल्या शानदोंगहून सैन्याबरोबर आलेला आणि आता वाफेचे पाव विकणारा, वाडग्यात बघत राहिला. आमिस जमातीचा कोळी कोलास काटे निवडत बसला. हाक्का समाजातल्या न्हावी फानने तर बुटाची नाडी बांधायला घेतली.

एरवी एकेकाचं तोंड बंद होत नाही, आणि आज सगळ्यांना मुकेपण आलंय. बीझूमावशीने भांडी इतक्या जोरात आपटली की पाळकसाहेब प्रार्थना आटोपती घेऊन निघून गेले.

साखरपुड्याच्या दिवशी चर्चच्या अंगणात मांडव घालून टेबलं मांडली. लिनबाई बारा नातेवाईक घेऊन आली. आणि फाटकातून कुओ आला, जुना कोट कडक इस्त्री करून. मागोमाग लाल बंडी घातलेला कोलास, खांद्यावर माणसाएवढा मासा. मग फान, केसांना अर्धी बाटली तेल चोपडून.

"तू कशाला नटलायस?" कुओने कोलासला विचारलं.

"मामा आहे मी. तुम्ही?"

"मीपण."

फान खाकरला. "मला वाटलं, कोणीच नाही उठलं, पोरीची फजिती होईल..."

"मग रविवारी दातखीळ बसली होती का?" बीझूमावशी कडाडली.

"मोठी माणसं असताना मी आधी तोंड उघडू?" कोलास म्हणाला.

"मी पडलो परमुलखातला. मान इथल्या माणसाचा," कुओ म्हणाला.

"बरं बाबा, आता एकजण बसा!"

तर ते त्याहून वाईट झालं.

"कुओदादा, वयाने तुम्ही मोठे. बसा."

"छे! लीहुआला पाठीवर घालून दवाखान्यात तू नेलंस. तू बस, कोलास."

"पोर चालायला शिकली ती फानच्या दुकानात. त्याचा मान."

फानला दोघांनी दंडाला धरून खुर्चीपर्यंत ओढलं, तर त्याने मांडवाचा खांबच कवटाळला. आचारी आतून ओरडला, "सूप तिसऱ्यांदा उकळतंय! अजून एकदा उकळलं की डिंक होईल!"

लिनबाईने पर्स काखोटीला मारली. "भाऊ तीन आणि खुर्ची रिकामी! छान हं, बीझूताई. चल रे झिहोंग."

तिचे नातेवाईक उठायला लागले. गुलाबी पोशाखातली मेइएन पांढरीफटक पडली.

बीझूमावशीने मामाची खुर्ची उचलून बाजूला आदळली. तरातरा चर्चमध्ये गेली आणि उपासनेचा लांब बाक ओढायला लागली. पुरुष नुसते बघत उभे. मेइएनच धावली आणि तिने दुसरं टोक उचललं.

"अगं, नवरीने जागचं उठायचं नसतं!" लिनबाईची जाऊ किंचाळली.

"मग काय मामांना उभं ठेवायचं?" मेइएन म्हणाली.

बाक टेबलाला लागला. बीझूमावशी गरजली, "बसा! तिघंही! आणि आता जो कोणी 'आधी तुम्ही' म्हणेल, त्याला माझ्या हातचं जेवण बंद!"

तिघं धपकन बसले. वाडगी लांब राहिली, कुओचा गुडघा टेबलावर आपटला, तरी कोणी जागचं हललं नाही.

लिनबाई त्या तिघांकडे एकेक करून बघत राहिली. "म्हणजे उद्या माझा मुलगा हिला काही टाकून बोलला, तर हे तिघं माझ्या दारात येणार?"

"तिघंच नाही," कोलास म्हणाला. "बाकीचे आज समुद्रावर गेलेत."

लिनबाईने पर्स मांडीवर ठेवली आणि ती बसली. "बरं. आणा सूप. झिहोंग, अंगठी काढ, बघतोस काय असा?"

कुओला पुढे काही वर्षांनी, चीनला जाण्यावरची बंदी उठल्यावर, शानदोंगला जाता आलं. आईची कबर बघून तो महिन्याभरात परतला. तिथे त्याला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. तो वारला तेव्हा शवपेटीमागे मेइएनची मुलं चालली. कोलास थकल्यावर लेकीकडे गाओशिओंग शहरात राहायला गेला आणि तिथल्या समुद्राला नावं ठेवत वारला. फानचं दुकान आता पुतण्या चालवतो, पण केस वाईट कापतो. लिनबाईने बाप्तिस्मा घेतला नाही, देऊळही सोडलं नाही. तरी शेवटपर्यंत दर रविवारी प्रीतिभोजनाला यायची आणि खारट झालंय म्हणायची. झिहोंग आणि मेइएन अजून मासळीचं दुकान चालवतात. बीझूमावशी नव्वदीत आहे, मेइएनकडेच असते. ऐकायला कमी येतं, ओरडणं मात्र तेवढंच आहे.