लिब्राडाच्या रानातला कोयता

मित्रांनो, मी कोयता आहे. जुना आहे आणि स्वभावाने गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या बोहोल बेटावर मला सुनदांग म्हणतात. माझं पातं लांब आणि टोकाकडे जड आहे. हात नुसता उचलायचा, पुढचं काम माझं वजन करतं.

एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहाराने मला घडवलं. भट्टीत लाल केलं, ठोकलं, पाणी पाजलं आणि रेड्याच्या शिंगाची मूठ बसवली. बाजारात टांगलेला असताना माणसं माझ्या धारेवर अंगठा फिरवून मान डोलवत. ते कौतुक मला आवडायचं. मग लिब्राडा आली आणि मला घेऊन गेली.

लिब्राडा पन्नाशीची विधवा. तरुणपणापासून शहरात दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून आता गावी परतली होती. बापाने मरताना रस्त्याकडची जागा तिला दिली होती आणि मागची, घर असलेली, तिचा थोरला भाऊ दामियान याला. दामियानला हे कधी पचलं नाही. "बापाचं हगणं-मुतणं मी काढलं आणि रस्त्याकडची जागा हिला," असं तो ज्याला त्याला ऐकवी.

लिब्राडाला तिथे घर बांधायचं होतं. पण इतक्या वर्षांत त्या जागेत कुणी पाय ठेवला नव्हता. डोक्याच्याही वर गेलेलं धारदार गवत, मध्ये घाणेरीची जाळी, एक मोठं जुनं झाड आणि त्या सगळ्यावर वेलींचं जाड पांघरूण. ते रान मला आवडलं नाही आणि त्यालाही मी आवडलो नाही. गवत माझी धार खाई, काटे माणसांचे हात फाडत, लाल मुंग्या फांद्यांवरून मानेवर पडत.

आधी तिने पास्कुआल नावाच्या गड्याला लावलं. तो कामाला लागला तसा दामियान तुबाचा पेला घेऊन आपल्या पायरीवर येऊन बसला. पेल्यातली ताडी संपेपर्यंत त्याने पास्कुआलला काम करू दिलं. मग म्हणाला, "त्या मोठ्या झाडात कोण राहतं, माहीत आहे ना? परवानगी घेतलीस का? मागे एकाने फांदी तोडली, तर सकाळी तोंड वाकडं झालेलं."

पास्कुआलने मला हळूच गवतात ठेवलं.

"मानाय लिब्राडा, रागावू नका," तो म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाय म्हणतात. "माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. तोवर तरी तोंड सरळ हवं."

तो गेला, आणि नंतर कुणीच यायला तयार होईना. मग लिब्राडाने डोक्याला फडकं बांधलं आणि मला उचललं. झाडासमोर उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "जे कुणी असाल ते, वाट द्या हो. ही माझ्या बापाची जागा आहे." मग पायरीवरच्या थोरल्या भावाकडे वळून म्हणाली, "तुलाही सांगतेय, मानोय."

तिच्या हाताला माझी सवय नव्हती. तळहात फोडांनी भरले, मूठ रक्ताने चिकट झाली. वरून दामियानची जीभ चालूच असे. धाकट्या बहिणीला तो इंदाय म्हणे.

"काय इंदाय, मालकिणीची भांडी घासायची सवय, इथे काय घासतेस?"

"कोयत्याची धार गेली की तुझी जीभ घासायला घेते."

असं रोज चाले. रान मागे हटत गेलं आणि आम्ही दामियानच्या कुंपणाजवळ पोचलो. त्या दुपारी त्याने सुरुवात नेहमीसारखीच केली होती. पण आम्ही वेलींच्या एका सपाट, हिरव्यागार तुकड्याकडे वळलो आणि तो एकदम गप्प झाला.

लिब्राडा थांबली. "का रे, तुबा संपली?"

तो तिच्या पायांकडे बघत होता. ती होती तिथेच उकिडवी बसली आणि मला पुढे, वेलींमध्ये खुपसलं. माती लागेल असं मला वाटलं होतं. मी मुठीपर्यंत आत गेलो आणि खाली नुसती गार हवा होती. तिने एक ढेकूळ आत टाकलं. पाण्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

ती बापाची विहीर होती.

लिब्राडा उठली आणि तरातरा पायरीपाशी गेली. मी तिच्या हातातच होतो. माझं टोक दामियानच्या पोटासमोर होतं. अशा वेळी कोयत्याला कुणी काही विचारत नाही.

"तुला माहीत होतं."

"तुलाही माहीत होतं. तिचंच पाणी पिऊन वाढलीस."

"तेव्हा कठडा होता. त्याचे दगड कुठे गेले?"

दामियानची नजर त्याच्या डुकरांच्या आवाराकडे गेली. त्याची भिंत दगडी होती.

"मी आत पडले असते तर?"

"मी ओरडणार होतो."

"कधी?"

मुठीवरची तिची बोटं पांढरी पडली. मी वर जाऊ लागलो. मग तिने माझ्याकडे पाहिलं, जणू हातात काय आहे ते तिला आत्ताच कळलं. ती बाजूला वळली आणि मला शेजारच्या केळीच्या खोडात मारलं. मी अर्धा आत रुतलो. रिकाम्या हाताने परत येऊन तिने दामियानच्या थोबाडीत दिली.

"आता दगड काढ," ती म्हणाली.

त्याने काढले. डुकरं गावभर पळाली. अंधार पडेपर्यंत दामियान दगड वाहत होता आणि ती विहिरीशी बसून बघत होती.

घर झालं. भावाच्या बाजूला तिने एकही खिडकी ठेवली नाही. घरभरणीला अख्खं डुक्कर भाजलं, सारा गाव जेवला, पण दामियानला आमंत्रण नव्हतं. विहिरीवर मात्र दोघंही येतात. एकाची बादली वर येईपर्यंत दुसरा पाठ करून उभा राहतो.

मी आता वळचणीला खोचलेला आहे. गवत कापायला यंत्र येतं. पातं गंजलंय, मूठ सैल झालीय आणि घरातलं कुणी माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला पुसून तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. रान तोडायला खुशाल न्या. पण तो हातात असताना कुणाचा राग आला, तर आधी त्याला खाली ठेवा आणि मग बोला. मी एकदा उगारला गेलो की कुणाचा राग निवायची वाट बघत नाही.