सोळापैकी एक

वॉर्डाबाहेरच्या बाकावर केमिस्टने चष्मा कपाळावर चढवला आणि रिपोर्टचा कागद नाकाजवळ धरला. डावीकडे सोळा अँटिबायोटिक्सची नावं, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे नाही. सोळापैकी पंधरांपुढे आर होता. दुकानात माल आला की यादी तपासावी तशी त्याने ती वरून खाली तपासली, मग खालून वर. कोणतं औषध कोणत्या फळीवर असतं, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. आपल्याला रडू का येत नाही, एवढंच त्याला कळत नव्हतं.

बायकोचं पित्ताशयाचं साधं ऑपरेशन, तीन दिवसांत घरी, असं ठरलं होतं. आज अकरावा दिवस. जखमेतला जंतू रक्तात उतरला होता.

"एकच औषध उरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तेही मूत्रपिंडांना जड. सुरू करतोय. दोन दिवसांत कळेल."

मेहुणी डबा धुऊन परत आली.

"काय म्हणतोय रिपोर्ट, भाऊजी?"

"रेझिस्टन्स आहे." 'जंतूला' हा शब्द तोंडातच राहिला.

"म्हणजे प्रतिकारशक्तीच ना? मी म्हणत नव्हते! ताई मुळातच दणकट. लहानपणी आम्ही सगळी गोवराने आडवी, आणि ही बया झाडावर!"

तो "हं" म्हणाला. सुधारून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तेवढीही त्याच्यापाशी नव्हती.

भेटीच्या वेळी दोघांनी अंगावर झगे चढवले, हातमोजे घातले. मेहुणीने आत शिरताच बातमी देऊन टाकली. बायकोने तिचं ऐकून घेतलं आणि कागदासाठी हात पुढे केला. बावीस वर्षं ती नवऱ्याबरोबर काउंटरवर उभी राहिली होती. तिचं बोट अक्षरांवरून खाली सरकत गेलं. मग तिने कागदाची घडी घातली.

"खरंच गं," ती बहिणीला म्हणाली, "मी कुठली आटपतेय इतक्यात! तू बाहेर जाऊन यांच्यासाठी चहा सांग. सकाळपासून पोटात काही नसेल."

मेहुणी खुशीत गेली. बायकोने आधी दार लागू दिलं.

"एकच ना?"

"एकच."

तिने घडी घातलेला कागद उशीखाली सरकवला.

"डॉक्टर अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायचे. लोक म्हणायचे, दोन दिवसांच्याच द्या, तेवढ्यात बरं वाटतं. आणि मी पट्टी कापून द्यायचे. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, निबर होतो, हे ठाऊक असून."

"हो."

"आपण कधी कुणाला नाही म्हटलं का हो?"

त्याने तिचा हात हातात घेतला. हातमोज्यातून तो गरम आहे की गार, हेही कळत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "कुणालाच नाही."